अप्पांसाठी दोन वह्या

विनुता तंजावूरच्या दक्षिण वीथीमागच्या गल्लीत ब्लाउज शिवायची. लग्नसराईत बायका तिच्या ओट्यावर ताटकळत बसायच्या, इतकं तिच्या हाताचं माप नेमकं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि अम्मा गेल्यापासून घरात दोघंच उरली, ती आणि अप्पा. अप्पा म्हणजे रघुराम राव. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी कालव्यांच्या कडेनं सायकल हाकण्यात गेलेली. आता गुडघे दुखायचे. त्यांना तेल चोळणं, वेष्टी, म्हणजे त्यांचं धोतर, धुणं, डोळ्यांत थेंब घालणं हे सगळं विनुताच करायची.

आणि संध्याकाळी चेन्नईहून हरिप्रियेचा फोन यायचा.

दिवसभर हूं आणि बरं यांपलीकडे तोंड न उघडणारे अप्पा धाकटीचा आवाज ऐकला की खळखळून हसायचे. "खाल्लंस का गे? दमलीस का गे?" विनुता आत मिक्सर सुरू करायची. वाटायला काही नसलं तरी चार सुक्या मिरच्या टाकायची, म्हणजे ते हसणं ऐकू यायचं नाही. मला कधी विचारलं, दमलीस का म्हणून?

अप्पांचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला तेव्हा एका दुपारी हरिप्रियेचा फोन थेट तिलाच आला.

"अक्का, मी अप्पांसाठी जंक जर्नल करते आहे."

"म्हणजे काय?"

"जुने कागद, तिकिटं, कापडाचे तुकडे, काहीबाही जोडून शिवलेली वही. पानापानांत खिसे. अप्पांचं जे काय जुनं सापडेल ते पाठव ना. बसची तिकिटं, लग्नपत्रिका, काहीही. आणि अम्माचे कोलम आहेत का गे अजून? एक तरी पाठव."

अम्मा दारात रांगोळीनं काढायचे ते कोलम आधी कागदावर उतरवून बघायची. रोजच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान घ्यायची, मागं पेन्सिलीनं ठिपके मांडायची आणि त्यांच्याभोवती रेघ फिरवायची. त्या पानांचा जुडगा विनुताच्या कपाटात, कोऱ्या अस्तराच्या घडीखाली होता.

"ते वाळवीनं खाल्ले," विनुता म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. पण पलीकडून "अय्यो!" आलं तेव्हा आत कुठंतरी बरंही वाटलं. बाकीचं सगळं तिनं इमानानं पाठवलं. ओरत्तनाडूच्या बसची तिकिटं, कोपऱ्यांना हळद लावलेल्या पत्रिका, अप्पांच्या जुन्या छत्रीचं कापडसुद्धा.

त्याच आठवड्यात तिनं स्वतःची वही शिवायला घेतली. कागद दुमडायचा, टोचायचा, दोरा ओढायचा, यात तिला शिकण्यासारखं काही नव्हतं. कव्हरला लाल रेशमाचे उरलेले तुकडे जोडले. आत कॉफीपुडीच्या पाकिटांचे खिसे केले, भाताच्या बियाण्याच्या पिशवीवरचं कणसाचं चित्र कापून चिकटवलं, आणि मध्यभागी एकामागून एक अम्माचे कोलम. हरिप्रियेकडे हे नसणार, हा विचार प्रत्येक टाक्याबरोबर मनात यायचा. हात सुरेख चालत होता आणि पोटात जळत होतं.

वाढदिवसाला हरिप्रिया सकाळच्या गाडीनं आली. कुरिअरनं पाठवेल असं विनुताला वाटलं होतं. पाया पडून तिनं अप्पांच्या मांडीवर वही ठेवली. पानापानावर तमिळ अक्षरांत लिहिलेली त्यांची घरातली मराठी, खिशांत तिकिटं, छत्रीच्या कापडाचा एक छोटा कालवा आणि त्याच्या काठानं कागदी सायकल. अप्पा बोटानं तो कालवा चाचपत राहिले. शेवटच्या पानावर एक मोठा खिसा रिकामाच होता. त्यावर लिहिलं होतं, अम्मा.

"इथं काही नाही?" अप्पांनी विचारलं.

"वाळवीनं खाल्लं, अप्पा. म्हणून जागा तेवढी ठेवली."

विनुताची वही देवापुढं कागदात गुंडाळून ठेवली होती. ती उचलून आत न्यावी, म्हणून ती उठलीही. पण अप्पांचं तिकडं लक्ष गेलं. "ते काय गे? माझंच ना?" त्यांनी कागद सोडला, लाल वही उघडली आणि अम्माची रेघ दिसताच त्यांचा हात थांबला.

"अंबा," त्यांनी अम्माचं नाव घेतलं. एवढंच.

हरिप्रिया वाकून पाहत होती. पान उलटलं, दुसरं उलटलं. मग ती शांतपणे म्हणाली, "वाळवीनं छान जपून ठेवलेत की, अक्का."

अप्पांना कमी ऐकू यायचं. त्यांनी मान वर केली नाही.

स्वयंपाकघरात विनुता सांबार उगाचच ढवळत होती. हरिप्रिया दारात येऊन उभी राहिली.

"एक मागितलं होतं. एकच."

"तुला सगळंच मिळतं," विनुता पाठमोरीच म्हणाली. "तुझा फोन आला की ते माणसात येतात. मी दिवसभर इथंच असते, माझ्याशी काय बोलतात?"

"आणि अम्मा गेली तेव्हा तिचा हात कुणाच्या हातात होता?" हरिप्रियेचा आवाज चिरकला. "मी पोचले तेव्हा बॉडीवर हार घातला होता. मला जळायला होत नसेल?"

सांबार उतू गेलं. दोघींनी एकदमच गॅसकडे हात नेला.

जेवण झाल्यावर विनुतानं कात्री आणली आणि लाल वही हरिप्रियेपुढं ठेवली. "हवं ते घे." मोरांचा कोलम घेऊ नये असं तिला वाटत होतं. हरिप्रियेनं मोरांचाच घेतला. विनुतानं दोरा उसवला. हरिप्रियेनं तो कागद अप्पांच्या मांडीवरच्या वहीत, रिकाम्या खिशात सरकवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. रात्रीच्या गाडीनं गेली.

चार दिवसांनी शेजारच्या चंद्रमती मामी ब्लाउज न्यायला आल्या. अप्पांनी दोन्ही वह्या त्यांच्यापुढं मांडल्या.

"कुणी केल्या हो?"

"हरिप्रियेनं," अप्पा कौतुकानं म्हणाले.

मशीनवर विनुताचा पाय थांबला. एरवी ती आत जाऊन भांडी आपटत बसली असती. आज उठून अप्पांपुढं गेली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"अप्पा, ही लाल माझी आहे. मी शिवली."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग वहीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तू? कधी केलीस गे? तुला वेळ कुठं असतो?"

"नसतोच," विनुता म्हणाली. "तरी केली."

मामी हसल्या. अप्पांनी तिचं मनगट धरलं आणि शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस. हे ठिपके इतके जवळ कसे मांडले असतील अंबानं, सांग बरं." मामींचा ब्लाउज काजांविनाच राहिला. विनुता बसली. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तिच्या पोटात पुन्हा तसंच जळलं. पण मिक्सरकडे न जाता ती तिथंच बसून राहिली.