शाहजादीचा पासपोर्ट

मेहकरच्या उर्दू शाळेत शिकवणाऱ्या शाहजादीचं लग्न १९६२ साली झालं, चुलतभावाशी. नवरदेव अब्दुल गनी लहानपणीच आईबापांबरोबर कराचीला गेलेला, तिकडचाच नागरिक, गोदीत कारकून. लग्नासाठी तीन महिन्यांचा व्हिसा काढून आला. ज्या गल्लीत विटीदांडू खेळला होता, त्याच गल्लीत राहतो आहे हे सांगायला त्याला पोलीस ठाण्यात जावं लागलं.

मुदत संपली, तो परत गेला. आता शाहजादीनं जायचं होतं. कागदपत्रांसाठी ती वडिलांना, रहेमतुल्ला टेलरांना, घेऊन बुलढाण्याच्या कचेरीत गेली. तिथले किसनराव कारकून मोठे सालस.

"हे पाह्य पोरी, दोन रस्ते हायेत," ते म्हणाले. "इथला पासपोर्ट ठेवाचा, तिकडचा व्हिसा घ्याचा, अन् तो वाढवत राहाचा. लय कटकट हाय. नाहीतं तिकडं जाऊन नवऱ्याच्या देशाची नागरिक होऊन जाय. मंग तिथं तुले कोनी काही इचारत नाही."

"अन् मंग मले मेहकरले याचं असलं तं?"

"मंग तू पाव्हनी. व्हिसा भेटला तं येशीन."

परतीच्या बसमध्ये, चिखली गेल्यावर, रहेमतुल्ला म्हणाले, "माह्याकडं पाहू नको. तुले सोपं जाईन ते कर."

शाहजादीला आई नव्हती, भाऊ नव्हता. तिनं इथलाच पासपोर्ट ठेवला आणि पुढच्या वर्षी मुंबईहून आगबोटीत बसली.

कराचीत दोन खोल्यांचं घर, सासू आणि गनी. दर काही महिन्यांनी व्हिसाच्या कचेरीत रांग. पहिलं वर्ष गनी अर्धी रजा टाकून बरोबर यायचा. मग ती एकटीच जाऊ लागली. सासू शेजारणींना सांगायची, सून आली खरी, पण तिचा जीव अजून मेहकरातच आहे. एकदा बाजारात अंबाडीची जुडी दिसली आणि शाहजादीच्या तोंडून निघून गेलं, "कशी देली वं?" भाजीवाली नुसती बघत राहिली. घराबाहेर त्या अख्ख्या शहरात तिला असं बोलायला कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी गनीनं नागरिकत्वाचा अर्ज भरून तिच्यापुढं ठेवला. फक्त सही बाकी होती.

"अब्बा आहेत तोवर थांबा," ती म्हणाली.

त्यानं कागदाची घडी केली आणि कपाटात ठेवली.

१९६५च्या जूनमध्ये मेहकरहून शेजारच्या सत्यभामाबाईंची तार आली. रहेमतुल्लांनी अंथरूण धरलं होतं. स्वतःच्या देशात यायला शाहजादीला कुणाची परवानगी लागली नाही. आठव्या दिवशी ती उशाशी होती.

"आली? इतक्या लवकर?" म्हाताऱ्यानं विचारलं, आणि तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला ते गेले. गनीनं लिहिलं, चाळिसावा करूनच ये. चाळिसावा सप्टेंबरात आला आणि तोवर लढाई पेटली होती. बोटी थांबल्या, टपाल थांबलं.

अकरा महिन्यांनी कुवेतच्या एका नातलगाच्या हातून गनीचं पत्र आलं. खुशाली होती, घरच्या चार गोष्टी होत्या. मध्ये एक ओळ खोडलेली. उजेडाकडं धरल्यावर वाचता आली: तेव्हा सही केली असतीस तर. तिनं दोनदा व्हिसासाठी अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. शाळेनं तिला परत घेतलं. १९६९ साली गनीनं कळवलं की आईच्या हट्टापुढं त्याचं काही चाललं नाही, दुसरं लग्न झालं. तुझी जागा मात्र तुझीच आहे, असंही त्यानं लिहिलं होतं. शाहजादीनं मुबारकबाद लिहून पाठवली. मग चूल पेटवली, भाकरी केली, आणि ती तशीच झाकून ठेवली.

सत्यभामाबाई तिच्याकडं रोज येऊन बसत. त्यांनी एकदा धीर करून विचारलं, "शाहजादी, तुले पस्तावा होते का वं?"

शाहजादी गहू निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "अब्बाजवळ होती ना मी. त्याचा नाही होत, काकू." सूप तिनं बाजूला सारलं. "पन इतवारी शाळा नसते. दिवस सरतच नाही."

सत्यभामाबाईंनी सूप आपल्यापुढं ओढलं आणि राहिलेले गहू त्या निवडू लागल्या.