बालकृष्णाचे माप

अनन्य भक्तीची लक्षणे मी पुष्कळ ऐकली, व्याख्यानांतून थोडीफार सांगितलीही. परंतु भक्ताला आपले दैवत नित्यनूतन असते, या वचनाचा अर्थ मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिंप्याच्या दुकानात उमगला.

या शिंपी मास्तरांच्या शिवणयंत्रामागील कोनाड्यात वीतभर उंचीचा पितळी बालकृष्ण असे. त्याचा अंगरखा मास्तर स्वतः शिवत आणि दर खेपेस टेप लावून नव्याने माप घेत. वाढत्या मुलांच्या कपड्यांत शिंपी शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड राखतात. त्याला माया म्हणतात. मास्तर ती देवाच्या अंगरख्यातही ठेवत.

“काय मास्तर, इंचभर तरी वाढला का?” समोरचा घड्याळजी डिवचायचा.

“लेकराचं अंग आहे. कधी भरेल, नेम नाही,” मान वर न करता मास्तर म्हणत.

वार्धक्यात दृष्टी मंदावली. गिऱ्हाइकांचे काम सुनेने हाती घेतले. देवाचे मात्र मास्तरांनी सोडले नाही. “माझ्या हातचं त्याला बसेनासं झालं, की कात्री तुझी,” असे त्यांनी तिला बजावले होते. कात्री सुटणे म्हणजे सेवा सुटणे, हे तीही जाणून होती.

एका सकाळी, बोटांनी चाचपत बेतलेला नवा अंगरखा देवाच्या खांद्यांशी अडकला. मास्तरांनी तो काढून पुन्हा घातला, पुन्हा अडकला. तेव्हा त्यांनी कात्री उचलून सुनेपुढे ठेवली.

“थांबा हो मामंजी. मग माया कशाला ठेवलीत?” म्हणत तिने शिवण उसवली, आत दुमडलेले कापड मोकळे केले आणि कडेने टीप मारली. अंगरखा चापूनचोपून बसला.

मास्तर बराच वेळ त्या चिमुकल्या खांद्यांवरून बोट फिरवत राहिले. “वाढला म्हणायचा!”

“वाढला तर! आणि मेला कुणाला पत्ता लागू देत नाही.”

बेतण्यात चूक झाली होती, हे दोघांनाही कळले होते. मास्तर मोठ्याने हसले आणि त्यांनी कात्री परत घेतली. ती अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

मास्तर आता नाहीत. बालकृष्ण त्याच कोनाड्यात आहे. त्याचा अंगरखा सून शिवते. दर खेपेस टेप लावून माप घेते आणि शिवणीच्या आत बोटभर कापड राखते.