पुरलेल्या बैलांना आवतन

कत्तलखान्याकडे निघालेल्या ट्रकांतून सोडवलेले बैल साकोलीजवळच्या आमच्या गोशाळेत येत. तेजरामभाऊ त्यांना सांभाळायचे. बहुतेकांचे पाय मोडलेले असत. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचा बैलही मेला.

संध्याकाळी तेजरामभाऊंनी हळद-तूप कालवलं. बैलांच्या खांद्यांना लावतात, तसं ते गोठ्यामागं बैल पुरले होते त्या जागांवर, मातीला चोळलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"भाऊ, ते कसे येतील?" मी विचारलं.

"नाही बोलावलं त रागावतीन ना बे."

पोळ्याला त्यांनी तिथंच पुरणपोळ्या मांडल्या. बैल जेवल्याशिवाय धनी जेवत नाही. अंधार पडल्यावर मी भाऊंपुढे ताट ठेवलं.

"आधी त्यायले जेवू दे," ते म्हणाले.

आज तिसरा दिवस आहे. तेजरामभाऊ अजून जेवलेले नाहीत.