निरोगी माणूस म्हणून माझं रक्त

आमच्या विद्यापीठातला रोगप्रतिकारशास्त्र विभाग सुरू झाला तो दोन खोल्यांत आणि एका उसन्या फ्रिजवर. तो उभा करणाऱ्या मॅडमचा हट्ट एकच होता: जिल्ह्यातल्या माणसाच्या तापाचं कारण जिल्ह्यातच सापडलं पाहिजे. नियम मात्र दोन. लोकांचं रक्त घेण्याआधी स्वतःचं द्यायचं, आणि अहवाल घरी जाऊन समजावून सांगायचा.

मी तिथं नवा असताना मुरगूडकडच्या म्हशीवाल्या घरांतून नमुने आणले. कच्च्या दुधातून येणारा एक जंतू महिनोन् महिने ताप देतो. त्याच्याशी लढायला रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती मोजायची होती. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते अर्थातच माझं. गावोगाव ‘दूध उकळून प्या’ म्हणून भाषणं ठोकणारा मीच की!

सगळा गाव निरोगी निघाला. चार महिने तापानं झिजलेल्या एका मावशींनाही मी “काही नाही, विश्रांती घ्या” असं सांगून, वर त्यांचा चहा पिऊन आलो.

मॅडमनी आकडे पाहिले. “तुझाच आकडा एवढा वर कसा? संध्याकाळी कुठं असतोस?”

“दूध कट्ट्यावर.”

“काय पितोस?”

“धारोष्ण. समोरच म्हैस पिळून देतात, मॅडम. एकदम ताजं!”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या चढलेल्या आकड्याशेजारी आजारी माणसंही निरोगी दिसली होती. तुलनेला दुसऱ्यांचं रक्त घेऊन चाचणी पुन्हा केली. मावशींना लागण होती.

“फोन करू?” मी विचारलं.

“नियम काय आहे?”

गेलो. दारातच सांगून टाकलं, “मावशी, चूक माझी. लागण तुम्हाला आहे. आणि मलाही.”

“आवं पावणं, त्या दिवशी तर न्हाय म्हणालासा की!” मग सगळं ऐकून त्या खोकला येईपर्यंत हसल्या. “थांबा, पातळ बदलून येते. दोघंबी जाऊ डागदराकडं.”

त्यांना गोळ्या मिळाल्या; मला ताप नव्हता, म्हणून नुसतं कच्चं दूध बंद. त्यांचा ताप गेला. पुढच्या खेपेला त्यांच्या गल्लीतल्या बायका बाह्या सरसावून ओट्यावर बसलेल्या. एक जण कुरकुरत होती, तिला मावशी दटावत होत्या:

“दे गं रगात ह्यास्नी. चुकलं तर परत येऊन सांगत्यात.”