एका बाजूने जळालेले पानगे

नोकरीतली निम्मी प्रकरणे मी विसरलो, पण ती दुपार काही केल्या विसरता येत नाही. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी बालाघाट जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आवळी नवमीला आमच्याकडे घरेच्या घरे डोंगराकडे निघतात, आवळ्याच्या झाडाची पूजा करतात आणि तिथेच रांधून जेवतात. वारासिवनीकडच्या अशाच एका कुटुंबातली कॉलेजात शिकणारी मुलगी कड्यावरून पडल्याचा फोन आला.

आम्ही पोचलो तेव्हा मुलगी खाली दगडांत निपचित होती. वर बाप, काका, आई आणि धाकटी बहीण, एवढीच माणसे. बाप कपाळ बडवत होता.

"हादसा झाला साहेब. सेल्फी काढाले गेलती, पाय घसरला."

काकाने तेच सांगितले. आईने नुसती मान हलवली. वेगवेगळे घेऊन विचारले तरी दोघा भावांचे शब्द तेच आणि त्याच क्रमाने. खरे बोलणाऱ्यांचे जबाब आपसात थोडेफार भांडतात. मला हे जुळणे आवडले नाही, पण माझी नावड म्हणजे पुरावा नव्हे. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, कायम केला, पंचनामा केला, विझत आलेल्या चुलीसकट सगळ्या जागेचे फोटो घेतले आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका मुलीचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हती. मेलेल्या मुलीची मैत्रीण आहे, एवढेच म्हणाली.

"तिचा मोबाईल दसऱ्यापासून बापापाशी आहे साहेब. मंग सेल्फी कायच्यानं काढन ते?"

"बापानं काहून घेतला?"

"जातीबाहेरच्या पोराशी लगन करतो म्हणे ते. नवमीले पहाडीवर जेवू, मंग तुह्या लग्नाचं बोलू, असं बापानं म्हटलतं. नवी ओढणी घेतलती तिनं."

फोन ठेवल्यावर मी पंचनाम्याचे कागद काढले. प्रेतावरची ती ओढणी मीच पंचनाम्यात लिहून घेतली होती.

दोघा भावांना ठाण्यात आणले, बापाला बाहेर बसू दिले आणि आधी काकाला आत बोलावले. दोघांत जो मागे मागे राहतो, तो आधी फुटतो.

"मुलगी पडली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"विस्तवापाशी. पानगे मीच लावलते. भाऊ बाजूले बसलता."

पानगे म्हणजे जाड कणकेचे थापलेले गोळे. पळसाच्या दोन पानांत धरून ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवतात. सहलीला हे काम पुरुषांचे, आणि एक बाजू भाजली की ते उलटावेच लागतात. तिथून कोणी हलले की जेवणाचे वाटोळे.

"उलटवले होते?"

"हौ. उलटवले, अन् तेवढ्यात ओरडनं आलं."

मी चुलीचा फोटो समोर ठेवला. खालची पाने जळून कोळसा झाली होती. वरची पाने हिरवी होती आणि त्यांच्या कडेने कच्ची कणीक दिसत होती.

"माझ्याही घरी पानगे होतात," मी म्हणालो. "उलटवले असते तर वरचं पान हिरवं राहिलं असतं का?"

त्याने फोटो पालथा घातला. मग खुर्चीतच मुटकुळे करून रडू लागला.

"भाऊ म्हणे, निसतं भेव दाखवू. त्या पोराले सोडतो म्हणून शपथ घे म्हटलं, तिनं नाही घेतली. मी हात धरलता तिचा. भावानं ढकललं."

मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. बापाच्या मनगटावर नखांचे ओरखडे निघाले, पण वकील म्हणणार, मुलीला वाचवताना लागले. धाकटी तेव्हा पाणी आणायला गेली होती; दोघे भाऊ मुलीला कड्याकडे नेताना पाहणारी एकच साक्षीदार होती, ती म्हणजे आई. आणि आईच्या घरात अजून एक मुलगी होती.

महिला शिपायाने आईला पाणी दिले. ते तिने हातातच धरून ठेवले.

"मी वांग्याची भाजी टाकून राह्यलती," ती म्हणाली. "पानग्याचा जळका वास आला. तिघं गेल्ते तिकडं पाह्यलं. पन मी उठली नाही साहेब. मले समजलं होतं, अन् मी उठली नाही."

हेच तिने न्यायाधीशांपुढे सांगावे, असे मी म्हटले. हातातले पाणी तिने न पिताच खाली ठेवले आणि ती घरी निघाली.

ती साक्षीदार आहे हे कळताच नातेवाइकांनी तिला वाळीत टाकले; खटल्यापर्यंत तिचे पाणी बंद होते. सुनावणीला सगळी भावकी समोर बसली होती. बचावाच्या वकिलाने तिला हिंदीत विचारले, "अपने पति को फाँसी दिलवाना चाहती हो?"

तिने न्यायाधीशांकडे पाहिले आणि मराठीतच बोलली. "माही एक पोर गेली. दुसरीले जेवाले बलावलं त मी कोनाच्या भरोश्यावर पाठवू?"

दोघा भावांना जन्मठेप झाली. माणसे सापडली की केस सुटली, असे आम्ही पोलीस म्हणतो. या प्रकरणाने मला शिकवले की घरातल्या एकाने तोंड उघडले तरच ती सुटते, आणि त्याची किंमत तेच माणूस भरत राहते. ती बाई आता धाकटीला घेऊन दुसऱ्या गावी राहते. धाकटी कॉलेजात जाते. तिच्याकडे स्वतःचा मोबाईल आहे आणि तिची आई तो कधी मागत नाही.