सात नंबरचा टीशर्ट

खेळाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्याकडे बॅटींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बॅटी निदान विकल्या तरी जातात!

डहाणूला स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान. दारात एक बाकडं. त्यावर खेळाडूंचे बाप बसतात, कोच बसतात, कमिटीवाले बसतात, आणि प्रत्येक जण दुसरा उठून गेल्यावरच खरं बोलतो. मी स्वतः आयुष्यात क्रिकेट खेळलो नाही. शाळाही बेताचीच. पण गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याचं माप मला कळतं. बुटाचं कळतं, बाकीचंही कळतं. त्यामुळे कुणी "पोरगा फार टॅलेंटेड आहे हो शेठ" म्हणालं, की मी आधी चहा सांगतो आणि मग संशय घ्यायला लागतो.

* * *

एक साहेब बदली होऊन इकडे आले. मुलाच्या बॅटची ग्रिप बदलायची होती. बॅट भारी, इंग्लिश विलो. स्टिकर तर असे चिकटवलेले, की लाकूड शोधावं लागत होतं.

"मागच्या रविवारी अकॅडमीत नाबाद शतक ठोकलं याने," साहेब म्हणाले. "सिलेक्टर लोकांच्या कानावर घातलंय मी."

मी ग्रिप काढता काढता बॅट फिरवून बघितली. समोरची बाजू आरशासारखी स्वच्छ. बॉलचे लाल डाग सगळे दोन्ही कडांवर. आणि एक मोठा डाग चक्क पाठीवर!

"साहेब, शतक झालं ते झालंच," मी म्हटलं. "पण या पाठीमागच्या डागाचे रन धरलेत का?"

साहेब समोरच्या ग्रिपांचे रंग बघायला लागले. पोरगा मात्र सरळ होता. म्हणाला, "धरलेत ना काका. तो तर चौकार होता!"

* * *

तलासरीला शाळांचं सामान पोचवायला गेलो होतो. नाक्यावर मोठं पोस्टर: खेड्यापाड्यांतल्या हिऱ्यांचा शोध, थेट मोठ्या लीगमध्ये संधी. खाली टेबल टाकून एक गृहस्थ बसलेले. भर उन्हात ब्लेझर! समोर पोरांची ही रांग.

"मी एका नजरेत टॅलेंट ओळखतो," ते मला म्हणाले. "रन-अप बघायची पण गरज नाही."

माझ्या पिशवीत नवे लेदर बॉल होते. "सर, हा जरा बघता का, शिवण बरोबर आहे का?" म्हणत मी एक हळूच त्यांच्याकडे टाकला.

गृहस्थ टुणकन बाजूला झाले! बॉल मागच्या टपरीतल्या वेफर्सच्या पाकिटांवर जाऊन आदळला.

"शोल्डर इंज्युरी आहे माझी," ते म्हणाले.

"दोन्ही खांद्यांना?"

संध्याकाळी परत येताना बघितलं. पोस्टर होतं, टेबल होतं. ब्लेझर मात्र गेला होता.

* * *

आता सावे सर. शाळेत पीटी शिकवतात आणि सुट्टीत गावोगावच्या पोरांना कोचिंग देतात. बोलतात कमी. जो माणूस कमी बोलतो त्याच्यावर माझा पहिला संशय, म्हणून मी त्यांना नेहमी बाकड्याच्या माझ्याकडच्या टोकाला बसवतो.

एकदा गावागावांची मॅच होती. चिखल्याच्या टीममध्ये एक नवा बॅट्समन आला. आला तोच उंच उचलून सिक्सर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावे सर पुटपुटले, "हा चिखल्याचा नाही."

"कशावरून?"

"काका, इथली पोरं चिकूच्या वाडीत खेळतात. झाडाला बॉल लागला की आऊट, शिवाय चिकू पडले म्हणून मालकाच्या शिव्या. वाडीतलं पोर जन्मात बॉल वर मारत नाही. हा बाहेरून आणलाय."

मला संशयाला एवढं पुरे. टी-ब्रेकला त्या पोराला गाठलं. "बेटा, चिखल्यात कुठे राहतोस?"

"स्टेशनच्या बाजूलाच, अंकल."

चिखल्याला स्टेशनच नाही!

* * *

आमच्याकडच्या क्रिकेट कमिटीचे सेक्रेटरी हेमंतभाई. गोड माणूस. इतका गोड, की हात मिळवून गेल्यावर मी बोटं मोजून घेतो. त्यांचा भाचा विकी, फास्ट बॉलर, अंडर-फोर्टीनचा. त्याचा बॉल आला की समोरची लहान पोरं स्टंप सोडून पळायची. हेमंतभाई म्हणायचे, "नॅचरल टॅलेंट, शेठ!"

हा विकी एका मोसमात माझ्याकडे बूट घ्यायला आला. नऊ नंबर. पुढच्या मोसमात आला, नऊ नंबर. त्याच्या पुढच्या मोसमात आला. बूट काढायच्या आधीच मी विचारलं, "नऊच ना?"

"हो काका. अंडर-फोर्टीनची ट्रायल आहे."

वाढत्या वयाच्या पोरांचे बूट मी जन्मभर विकतोय. आई-बाप वैतागतात, अहो मागच्याच वर्षी घेतले, एवढ्यात लहान झाले! आणि इथे पाय जागचा हलायला तयार नाही.

"विकी, वय थांबलंय ते समजलं," मी म्हटलं. "पण पाय पण थांबले?"

हेमंतभाई बाकड्यावरून मोठ्याने हसले. "आमच्या फॅमिलीत पाय लवकर वाढतात, शेठ!"

"आणि मिशी?"

"ती पण!"

* * *

रूपेश धोडीला माझ्याकडे सावे सरांनी आणलं. सायवनकडच्या पाड्यावरचा, घरी थोडी भातशेती. डावखुरा स्पिनर. अंगाने एवढासा, की बाकड्यावर बसला तर पाय जमिनीला टेकेनात.

"याचा बॉल बघा काका," सर म्हणाले.

मला अर्थातच संशय. दुकानाशेजारच्या बोळात मी बुटाच्या खोक्याचं झाकण ठेवलं. "यावर टाक."

टाकला. झाकणावर. मी झाकण सरकवलं. परत झाकणावर! मी झाकण पार भिंतीला नेऊन ठेवलं. बॉल झाकणावर पडला आणि वळून माझ्या नडगीला लागला.

"कुठे शिकलास रे?"

"आमच्याकडं भात कापल्यावर शेतात खेळतो काका. खुंटं राहतात ना. खुंटावर बॉल पडला तर कुठं पण जातो. मग दोन खुंटांच्या मधी टाकायचा."

आदल्या वर्षीच्या ट्रायलला या पोराला सगळ्यात शेवटी एकच ओव्हर मिळाली होती. तीही अशी, की हेमंतभाई पाठ करून फोनवर बोलत होते. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

ते पुढचं वर्ष म्हणजे हेच. आणि हे शेवटचं. निवड झाली तर जिल्ह्याच्या कॅम्पला राहायचं, खायचं, रोज टर्फवर बॉलिंग. नाही झाली तर परत खुंटं. कारण यानंतर अंडर-फोर्टीनमध्ये त्याचं वय बसणार नव्हतं. त्याचं खरं होतं ना, म्हणून वाढत होतं!

* * *

ट्रायल बोर्डीच्या ग्राउंडवर, रविवारी. मुंबईहून एक सिलेक्टर येणार होते. निवड झाली की तिथल्या तिथे टीशर्ट वाटायचे, गावातून बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा, अशी आमच्याकडची पद्धत.

शुक्रवारी हेमंतभाईंचा फोन. "शेठ, टीशर्टची ऑर्डर लिहा. पाठीवर नंबर टाकून पाहिजेत." आणि भराभर साइज सांगायला लागले. मिडियम, मिडियम, लार्ज, मिडियम...

"हेमंतभाई, ट्रायल तर रविवारी आहे."

"तर?"

"तर साइज कुठून आल्या?"

"अंदाजे, शेठ, अंदाजे! आणि सात नंबर डबल एक्सेल करा."

"अंडर-फोर्टीनला?"

"अहो, लूज बरा दिसतो."

"आणि स्मॉल?"

"स्मॉल एक पण नको."

मी म्हटलं, "होऊन जाईल."

शनिवारी सावे सर आले. चहा घेतला. मी त्यांना काही बोललो नाही. त्यांच्यावरही माझा पूर्ण विश्वास नव्हता. कमिटीच्या जेवणाला तेही बसतात. पण दुकानात पडलेल्या टीशर्टच्या गठ्ठ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. सगळ्यात वर सात नंबर होता, एखाद्या चादरीएवढा. मग म्हणाले, "काका, हे टीशर्ट धुतल्यावर आटतात का हो?"

"चांगल्या कापडाचे नाही आटत."

"अच्छा," सर म्हणाले, आणि कप खाली ठेवून गेले. रात्री दुकान बंद केल्यावर मी नंबर छापायचं मशीन परत एकदा तापवलं.

रविवारी मी स्वतः माल घेऊन बोर्डीला गेलो. एरवी दुकानातल्या पोराला पाठवतो. मुंबईचे सिलेक्टर काळा चष्मा लावून हेमंतभाईंच्या शेजारी बसलेले, पुढ्यात हेमंतभाईंच्या घरचा फाफडा. म्हटलं, झालं. हे पण शिजलेलंच.

रूपेशला या वेळीही शेवटीच बोलावलं. समोर बॅटिंगला विकी, म्हणजे पोराची आणखी धुलाई व्हावी. पहिला बॉल विकीने ग्राउंडलगतच्या वाडीपलीकडे मारला. हेमंतभाईंनी टाळी वाजवली. दुसरा तो तसाच मारायला गेला आणि मधला स्टंप आडवा! विकी म्हणाला, "रेडी नव्हतो." परत टाकायला लावला. परत तोच स्टंप! सिलेक्टरनी चष्मा कपाळावर चढवला.

मग निकाल. हेमंतभाईंनी एकेकाला बोलावलं. पोरं यायची, टीशर्ट अंगात घालायची, पाहुण्यांशी हात मिळवायची. रूपेश लांब बॅगांपाशी उभा. त्याचं नाव येणार नव्हतं, हे त्याच्या खांद्यांना आधीच कळलं होतं.

"आणि सात नंबर, आपला स्टार, विकी!"

विकीने टीशर्ट डोक्यातून घातला. डोकं अडकलं. कसंबसं बाहेर आलं, तर हात जाईनात. ओढाओढीत टीशर्ट छातीवरच थांबला आणि खाली सगळं पोट उघडं! फोटोग्राफर कॅमेरा धरून उभा, पाहुणे हार धरून उभे.

"शेठ!" हेमंतभाई ओरडले. "आ शुं छे? दुसरा द्या!"

"दुसरा नाही, हेमंतभाई. मोजूनच आणलेत."

सिलेक्टर उठून जवळ आले. त्यांनी टीशर्टच्या गळ्यातलं 'स्मॉल'चं लेबल वाचलं. मग विकीची हनुवटी बघितली. अगदी जवळून बघितली.

"अंडर-फोर्टीनचाच टीशर्ट आहे की," ते म्हणाले. "अंडर-फोर्टीनच्या मुलाला बसायला हवा."

त्यांनी विकीला टीशर्ट काढायला लावला.

"कुणाला बसतो बघा बरं हा."

सावे सर खाली मान घालून बॉल पिशवीत भरत होते. मान वर न करताच म्हणाले, "रूपेश, ये रे इकडे."

टीशर्ट रूपेशला असा बसला, जसा माप घेऊन शिवलाय. पाहुण्यांनी हार घातला. फोटो झाला.

सोमवारी सकाळी हेमंतभाई दुकानात आले. बाकड्यावर बसले नाहीत.

"शेठ, इतक्या वर्षांत तुमच्याकडून साइजची चूक कधी झाली नव्हती."

मी चहा सांगितला आणि शिडी लावून वरच्या फळीवरचं खोकं काढलं.

"ते राहू द्या हेमंतभाई," मी म्हटलं. "विकीला नवे बूट लागतील ना? नऊच काढू?"