उतरताना बंद पडणारे विमान

नांदेडहून विमान व्यवस्थित उडायचे. औंढ्यावर वळायचे, सिद्धेश्वर धरणाचे पाणी पंखाखाली दिसायचे आणि परत येताना, धावपट्टी समोर दिसू लागण्याआधीच, स्क्रीन काळी व्हायची.

हे विमान माझ्या संगणकात होते. वर्तमानपत्राच्या डेस्कचे काम मी आता हिंगोलीच्या घरातून करते आणि पानांचे काम सुरू होण्याआधी थोडा वेळ फ्लाइट सिम्युलेटर चालवते. एरवी ते मध्येच बंद पडले तर मी चहा करून पुन्हा सुरू करत असे. या वेळी तसे करता येत नव्हते, कारण शेजारच्या खुर्चीत आई बसलेली असायची.

धाकटी बहीण बंगळूरला असते. तिचे हे पहिलेच बाळंतपण. ती माहेरी यायची होती, पण डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला मनाई केली. आता आईनेच तिकडे जायला हवे होते. आईच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले असल्याने रेल्वेचा लांबचा प्रवास तिला वर्ज्य होता. राहिले विमान. मी सोबत जाणार होते, तिकिटेही काढली होती. आई आधी हो म्हणाली, मग नाही म्हणाली, मग म्हणाली, "आत बसल्यावर काय काय होते ते पहिले दाखव मला. मग बोलते."

आम्ही ज्या विमानाने जाणार होतो तसले दोन पंख्यांचे प्रवासी विमान सिम्युलेटरमध्ये मुळात नव्हते. ते वेगळे घेऊन जोडावे लागते. अशा जोडलेल्या सॉफ्टवेअरला ॲडऑन म्हणतात. नांदेडच्या विमानतळाचाही ॲडऑन मिळाला, कुणा हौशी माणसाने बनवलेला.

पहिल्याच उड्डाणात आईने विचारले, "नागनाथाचं देऊळ कुठं हाये?"

सिम्युलेटरने औंढ्यात सगळीकडे सारख्याच छपरांची घरे मांडली होती. देऊळ नव्हते.

"देऊळच न्हाई? मग ह्याला वाट कशी कळून राहिली?"

विमान वळून नांदेडजवळ आले आणि स्क्रीन काळी झाली.

"पडलं?"

"बंद पडलं."

"तेच इचारून राहिले मी."

बिघाड शोधण्याची पद्धत ठरलेली असते. सगळे ॲडऑन काढायचे, एकेक परत घालायचा आणि दर वेळी तेच उड्डाण करून पाहायचे. अडलेल्या पानातून आधी जाहिरात काढतात, मग फोटो, मग मजकूर, तसेच. मी विमानतळ काढला, ढग काढले, स्क्रीनवर चित्र उमटवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. काही फरक पडला नाही. नवे विमान काढून सिम्युलेटरचे मूळचे विमान घेतले, तेव्हा ते उतरले. म्हणजे दोष त्या विमानात होता. ते पुसून पुन्हा घातले. पुन्हा धावपट्टीआधी अंधार. मी उठायचे, गॅलरीत जायचे, काही न करता परत यायचे. पानांवर चुका राहू लागल्या.

बहिणीचा फोन आला. "ताई, आई येणार आहे ना? खरं सांग."

"विमान दुरुस्त होऊ दे."

"कोणतं विमान? आपलं?"

"माझ्या संगणकातलं."

"मी इथं छताकडं बघत पडून राहिले, अन् तू तिकडं गेम खेळून राहिली का गं?"

त्याच दुपारी मी ऑफिसातल्या संगणक बघणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. "रोज उतरतानाच क्रॅश होतंय," मी म्हणाले. आमच्या कामात हा शब्द झिजलेला आहे. पान क्रॅश होते, सर्व्हर क्रॅश होतो, त्यावर कुणी मान वर करत नाही. विमानाच्या बातमीच्या मथळ्यात तो मी कधी लावला नाही. तिथे 'कोसळले' असे लिहिते. आईने मात्र तो टीव्हीवर एकाच अर्थाने ऐकला होता, आणि ती स्वयंपाकघरात होती.

फोन ठेवला तेव्हा ती बंगळूरसाठी भरलेल्या बॅगेतून साड्या काढून कपाटात ठेवत होती.

"आई, ते संगणकाचं बोलणं होतं."

"उतरताना क्रॅश होते म्हणलीस न्हाई तू? रोज होते म्हणलीस. मी रेल्वेनं जाते. मणका मोडला तर मोडू दे."

"रेल्वेनं तुला जाता येणार नाही."

"मग न्हाई जात."

यापुढे समजावण्यात अर्थ नव्हता. उतरलेले विमान दाखवणे एवढेच उरले होते.

बंद पडल्यावर दर वेळी एक सूचना यायची. तिच्यात न सापडलेल्या फाइलचा लांबलचक पत्ता असायचा, सगळा इंग्रजी अक्षरांत. या वेळी तो मी प्रूफ वाचतात तसा अक्षर अक्षर वाचला. मध्ये काही रिकामे चौकोन होते. चौकोन दिसले की तिथे मराठी आहे आणि यंत्राला ते वाचता आलेले नाही, हे डेस्कवर कुणालाही कळते. फक्त या पत्त्यात मराठी आले कुठून, ते आठवावे लागले.

संगणक नवा आला तेव्हा आई हळदीकुंकू घेऊन उभी होती. सुरुवातीलाच त्याने खात्याला द्यायचे नाव विचारले. "पहिलं देवाचं लिही," आई म्हणाली, आणि मी 'श्री' लिहिले. तेव्हापासून माझी प्रत्येक फाइल 'श्री' नावाच्या फोल्डरच्या आत होती. उतरण्याच्या मार्गाची फाइल वाचायला ते विमान तिथे जायचे आणि त्या मराठी नावापाशी अडायचे.

मी रोमन अक्षरांत दुसरे खाते उघडले, विमान तिथे घातले आणि आई झोपलेली असताना उडवले. ते उतरले. धावपट्टीच्या टोकाशी जाऊन थांबले.

आता प्रश्न वेगळा होता. देवाचे नाव काढले तेव्हा विमान उतरले, हे आधीच घाबरलेल्या बाईला सांगायचे कसे? न सांगता नुसते उड्डाण दाखवता आले असते. पण काय बिघडले होते, हे तिने विचारलेच असते. ती उठल्यावर मी आहे तसे सांगितले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग स्क्रीनकडे पाहिले.

"म्हणजे ह्याला मराठी वाचता येत न्हाई?"

"नाही."

"वाचता येत न्हाई म्हणून अडत होतं. उतरता येत न्हाई म्हणून न्हाई."

"बरोबर."

"मग असं बोल की! क्रॅश क्रॅश काय लावलं होतं?" ती खुर्चीत बसली. "चालव."

औंढा गेला, पाणी गेले. विमान खाली येऊ लागले तशी तिने माझे मनगट धरले. चाके टेकली, विमान हळू झाले, थांबले. तिने मनगट सोडले नाही.

"पुन्हा उतरव," ती म्हणाली.

मी पुन्हा उतरवले. मग ती उठली, कपाट उघडले आणि साड्या परत बॅगेत घालू लागली. अर्ध्यात थांबून तिने विचारले, "तिकिटावर माझं नाव कशात हाये?"

"इंग्रजीत."

"नीट बघून सांग."

मी तिकीट उघडून दाखवले. तिने प्रत्येक अक्षरावर बोट ठेवले.

"बराबर हाये," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.